अडीच किलो

गायमुखच्या चढाला, दुसऱ्या वळणावर
ती दम टाकते.
त्याच जागी, ट्रकवाल्यांच्या त्याच शिव्या खात.
दहा मिनिटं बोनेट उघडं ठेवायचं,
वाकून काहीतरी कळतंय असं दाखवायचं,
मग चावी फिरवली की
जसं काही घडलंच नव्हतं.

नव्व्याण्णवची एस्टीम. रंग एकेकाळी चंदेरी.
माजिवड्याच्या एकाने प्लग बदलले,
वागळे इस्टेटच्याने कॉइल,
तिसऱ्याने थ्रॉटल धुऊन दिली आणि वर म्हणाला,
"काका, आता विका हिला."
तिघांचे मिळून नऊ हजार चारशे.
चढ होता तेवढाच राहिला.

कासारवडवलीला नाल्याच्या कडेला हिराजी भोईरचं गॅरेज,
पत्र्यावर भोपळ्याचा वेल.
त्याने आधी काहीच उघडलं नाही.
"चावी फिरवा. स्टार्ट नको. नुसती ऑन."
मागच्या सीटखालून दोन सेकंद गुणगुण आली नि थांबली.
"पंप बोलतो," तो म्हणाला. "किती खरं बोलतो ते बघू."

गेज जोडला. थेंबांखाली चिंधी धरली.
काटा उठला, अडीच किलोवर जाऊन उभा राहिला.
रेग्युलेटरची बारीक नळी काढून हुंगली :
पेट्रोलचा वास नाही.
काटा जरा वर सरकला, सरकायलाच हवा होता.
इंजिन बंद केलं. दोघं काट्याकडे बघत बसलो,
चहा आला, गार झाला,
काटा ढळला नाही.
"उभ्या गाडीला आजार नाय," हिराजी म्हणाला.
"उभ्या सगल्याच गाड्या बऱ्या."

मग लांब नळी लावून
त्याने गेज बोनेटच्या फटीतून बाहेर काढला,
काचेवर चिकटपट्टीने बसवला, वायपरच्या जरा वर,
आणि माझ्या शेजारी येऊन बसला.
मी रस्ता बघायचा, त्याने काटा.

पहिलं वळण : अडीच.
कंटेनरच्या मागे, दुसऱ्या गियरला : सव्वादोन.
आणि दुसरं वळण लागायच्या आत
दोन, दीड,
एक उचकी, दुसरी,
मागे हॉर्नची रांग.
हिराजी हसत होता.
माझी गाडी बंद पडल्याचा आनंद झालेला
पहिलाच माणूस.

दहा मिनिटांनी चावी. पुन्हा अडीच.
"आत कायतरी हाय.
ओढ लागली की पंपाच्या तोंडावर जाऊन बसतंय,
ओढ सुटली की खाली पडतंय.
टाकीत काय टाकलंत?"
"काहीच नाही," मी म्हणालो.
लगेच म्हणालो. जरा जास्तच लगेच.

रविवारी टाकी उतरवली.
पंपाच्या जाळीला काहीतरी मऊ, तपकिरी लपेटलेलं,
पक्कडीने सोडवून त्याने पत्र्यावर पसरलं.
अर्धा फाडलेला रुमाल. कडेला निळी रेघ.
कोपऱ्यात धोब्याची खूण : ११७.

दोन वर्षांपूर्वी, पनवेलच्या पंपावर
टाकीचं झाकण मी टपावर ठेवून विसरलो.
तळोजाच्या पुलावर ते पडल्याचा आवाज
ऐकला होता मी. थांबलो नाही.
घरी सांगितलं, पंपावरच्या पोराने ढापलं.
कुमुदिनी चिडली, म्हणून तक्रारही केली,
त्याच्या पगारातून दीडशे कापले म्हणे.
नवीन झाकण मिळेपर्यंत तोंडाला रुमाल कोंबला.
एक दिवस तो दिसला नाही,
म्हटलं, वाऱ्याने नेला असेल.
वाऱ्यावर काय, काहीही ढकलता येतं.

हिराजीने विचारलं नाही कुणाचा.
त्याने तो तारेवर वाळत घातला,
बाकीच्या चिंध्यांशेजारी,
आणि चौदाशे रुपये घेतले.

आता ती चढते. तिसऱ्या गियरला चढते.
काचेवर चिकटपट्टीचा चौकोन राहिलाय,
घासला तर निघेल.
वळण आलं की माझी नजर तिथे जाते,
काटा नाही, नळी नाही,
पलीकडे खाडी.
"समोर बघ ना," कुमुदिनी म्हणते,
"काय आहे तिथे?"

घाट संपला की सांगतो, म्हणतो मी.
घाट तसा
छोटाच आहे.