शनिवारी, साडेसातला

पोस्टर मीच चिकटवलं, जरा तिरकं गेलं.
शिडीवरून उतरून लांबून पाहिलं तेव्हा कळलं,
तोवर खळ वाळली होती.
त्या पोरांचं सगळंच थोडं तिरकं असतं,
म्हटलं, राहू दे.

बँडचं नाव ‘ओला कोळसा’.
चौघं जण. काल कार्डिफहून व्हॅन घेऊन आले.
व्हॅनमधून निघाल्या दोन गिटार, शिवणयंत्राची मोटार,
आणि फ्रिजचं दार.
फ्रिज नाही. नुसतं दार, चौकटीसकट.
"हे वाजतं?"
"उघडताना," तेगिड म्हणाला,
आणि माझ्या हातून चहाचा कप असा घेतला
की जणू तोही वाजणार आहे.

हा हॉल खाणवाल्यांनी बांधला,
दर आठवड्याच्या पगारातून पेनी-पेनी कापून.
वर वाचनालय, तळाला बिलियर्डची टेबलं,
मधे हे नाट्यगृह : प्लास्टरच्या द्राक्षांचे घोस
आणि घोसांमागून गेलेली एक भेग,
साधारण माझ्याच वयाची.

मंगळवारी काउन्सिलचा इंजिनिअर आला,
भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या डकवून गेला.
पट्टी तडकली की समजायचं, भिंत हलली.
"बेस जपून हं," जाताना मला म्हणाला,
जसं काही मीच वाजवणार आहे.

आन्वेन, त्यांची गायिका, गात नाही म्हणे.
खोकते, थांबते,
आणि त्या थांबण्याला गाणं म्हणते.
मी काही बोलले नाही.
ह्या खुर्च्यांना खोकला नवा नाही, पोरी.
इथे सिनेमा दाखवायचे तेव्हा
पडद्यावर दोघं जवळ आली रे आली
की अर्धा हॉल खोकायला लागायचा.
आम्हा मुलांना वाटायचं, लाजतात.
आई म्हणायची, लाज कसली,
धूळ आहे ती. वर येताना सोबत आणतात.

मग त्यांना बिल्ले हवे झाले.
तिकीटखिडकीमागच्या फळीवर खिळ्यांना टांगलेले,
पितळी, आकड्यांचे.
खाली उतरताना एक घेऊन जायचा, वर आलं की परत टांगायचा.
संध्याकाळी खिळा रिकामा दिसला तर
कुणीतरी कुणाच्या तरी दारी जायचं.
ते बिल्ले ह्यांना झांजेला बांधायचेत.
ट्रस्टींनी सही करून दिली,
एकाही सहीखाली आकडा वाचल्याची खूण नाही.

मी काढून दिले, एकेक, खिळ्यांवर पडलेल्या गोल डागांसकट
डोळ्यांनी मोजत.
चारशे सतरापाशी हात थांबला.
तेगिडच्या ते लक्षात आलं. "हा नको का?"
"बांध की. पण गाठ पक्की मार.
माझ्या बापाचा आहे.
त्यानं दोनदा हरवला आणि दोन्ही वेळा दंड भरला,
आणि दोन्ही वेळा तो त्याच्याच बुटात सापडला."
पोरगा हसला. मग हसू की नको
असं तोंड करून दोरा ओवत बसला.

तिकिटं गेलीत त्रेसष्ट. खुर्च्या तीनशे ऐंशी.
चॅपलमधल्या प्रॉसरांनी दोन घेतली :
एक स्वतःसाठी, एक कानातल्या मशीनसाठी,
असं तेच सांगत फिरतात.
बाकीचं गाव विचारतं, नेरिस, हे संगीत आहे का गं?
मी म्हणते, बॉयलर चालू असेल, एवढं नक्की.

आत्ता रात्रीचे सव्वाअकरा.
पोरं खानावळीत गेली आहेत, दिवे मी मालवलेत.
रंगमंचावर झांज उभी आहे, अंगावर आकडे लेवून,
कुणाचाही श्वास लागला तरी
किणकिणेल अशी.
टॉर्च वर नेला : तीनही काचा शाबूत.

किल्ल्या फिरवून निघणार होते,
पण त्या दाराची मूठ हाताशी होती.
उघडलं.
बिजागरीतून निघाला तो आवाज खरोखरच
कुणीतरी उशिरा घरी आल्यासारखा होता.
आत दिवा लागणार नाही, आतच नाही,
हे ठाऊक असूनही
मी क्षणभर वाट पाहिली.