सुभानचा शब्द

मे महिन्यात सावद्याला शेचाळीस डिग्री,
केळीची पानं कडेनं करपलेली
आणि सुभान तडवी पायमोज्यांत.
डाव्या पायाची तीन बोटं बर्फात राहिली.
कुठल्या देशाच्या, ते तो नकाशात दाखवत नाही.

एजंट म्हणाला होता, गोदामात मदतनीस.
कागद त्यांच्या लिपीत, सही मराठीत.

आता तो घड मोजतो, उचलत नाही;
खांद्यात अजून काहीतरी आहे,
भुसावळच्या डॉक्टरनं फोटोत दाखवलं, तांदळाएवढं.
कोल्ड स्टोरेजच्या दाराशी तर जातच नाही.
मुकादमानं एकदा विचारलं, मग सोडून दिलं.

गळ्यातला बिल्ला आईनं
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.
तिला दोन्ही लिप्या सारख्याच.

काल ट्रकचं टायर फुटलं.
आम्ही वळून पाहिलं तर हा पाटात आडवा,
तोंडात एकच शब्द, दोनदा.
चिखल पुसता पुसता मी विचारलं,
म्हणजे काय रे?

"मले काय माहीत," तो म्हणाला,
"कोनी वरडलं का झोपाचं."

मग बिडी पेटवली,
मोजणी कुठवर आली होती ते मलाच विचारलं.
दोनशे सतरा, मी म्हणालो.
खरं तर मीही विसरलो होतो.