तीन रकाने

प्राचार्य म्हणाले, अर्धं पान पुरे.
नाव, वर्ष, यश, असे तीन रकाने आख,
आणि शुक्रवारी बोर्डावर लाव.

हरमॅटनची धूळ कळफलकात शिरली आहे,
एक अक्षर दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाही.
एकोणीस वर्षं मी इथे दुसऱ्यांची नावं टंकते आहे.
स्पेलिंग चुकलं तर लोक दारापर्यंत येतात,
बरोबर असलं तर कोणी येत नाही.

सेलासी आग्बोद्झा, भाषा विभाग. पीएच.डी.
नऊ वर्षं लागली. मधे दोन बाळंतपणं,
बसमधून चोरीला गेलेला लॅपटॉप,
आणि मार्गदर्शकच निवृत्त होऊन गावी शेळ्या पाळायला गेले.
हे सगळं मला माहीत आहे, कारण रजेचे अर्ज माझ्याकडे येतात.
मी लिहिलं : पीएच.डी.

एत्से कुमोर्द्झी, गणित. शोधनिबंध प्रसिद्ध.
मासळीबाजारातल्या बायका तोंडी हिशेब कसा करतात, त्यावर.
पहिल्या गुरुवारी त्यांना वाटलं, हा करवसुलीवाला.
दुसऱ्या गुरुवारी त्यांनी त्याच्या हातात सुरी दिली :
बसायचंच आहे तर खवले काढ.
निबंधाच्या शेवटी आभार आहेत, सहा बायकांचे, नावानिशी.
त्यातल्या दोघींना स्वतःचं नाव वाचता येतं.
रकान्यात एवढं कुठून बसणार.

माकाफुई, दोन हजार अकराची तुकडी.
जिल्ह्यातला उत्कृष्ट शिक्षक. बक्षीस : फ्रिज.
त्याची शाळा सरोवरातल्या बेटावर,
तिथे विजेचा खांब अजून पोचलेला नाही.
फ्रिज होडीतून गेला, उभा,
दोघं त्याला मिठी मारून,
आणि चार पोरं डब्यांनी पाणी उपसत.
आता त्यात पुस्तकं असतात.
दाराचं रबर घट्ट आहे, वाळवी शिरत नाही.
ज्यांनी कधी बर्फ पाहिला नाही
ती पोरं एकमेकांना सांगतात,
जा, एक गार गोष्ट काढून आण.

मी लिहिलं : जिल्हा पुरस्कार.

आणि मग हे पाकीट, तिकीट न लावता आलेलं,
ट्रोट्रोच्या ड्रायव्हरने आणून दिलेलं.
हजेरीपुस्तकाचं फाडलेलं पान,
मागच्या बाजूला निळ्या शाईत :
‘मॅडम, तुम्ही यश कळवा म्हणालात.
माझं तसं काही नाही.
चौथीत जानेवारीत एकतीस मुलं होती.
मासेमारीचा हंगाम आला, गेला.
अजून एकतीस आहेत.
जमलं तर खडू पाठवा. रंगीत नको, पांढराच चालेल.
एन्योनाम क्लुत्से.’

मला ती आठवते. मागच्या बाकावरची,
फी तीन हप्त्यांत भरणारी,
पावती घडी करून बायबलमध्ये ठेवणारी.
मीही एकदा याच कॉलेजची परीक्षा दिली होती.
यादीत माझं नाव नव्हतं.
ती यादी कोणीतरी अशीच टंकली असेल,
माझ्या नावाच्या जागी पुढचं नाव, ओळ न सोडता.

वीज गेली. पंखा थांबायला वेळ घेतो,
तेवढ्यात मी पान पुन्हा वाचलं.
वीज आली तेव्हा अक्षरं एक नंबरने लहान केली,
चौथी ओळ घातली.

प्राचार्यांनी चष्मा पुसला. हा कुठला पुरस्कार?
पुरस्कार नाही, सर. हजेरी.
ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले,
मग म्हणाले, बोधचिन्ह जरा सरकलंय.
आणि सही केली.

संध्याकाळी मी स्टोअरमधून खडूची दोन खोकी काढली.
तिथल्या वहीत एक रकाना आहे : कशासाठी.
रुंद आहे, त्यात कोणी कधी काही लिहीत नाही.
मी लिहिलं : एकतीस.

फो याओंनी कंदील जवळ आणला.
एकतीस काय? खोकी तर दोनच दिसतात.
मी ड्रायव्हर निघून जायच्या आत
फाटकाकडे धावले.