शेवटच्या भागानंतर

पडदा पांढरा झाला अन् नावं सुरू झाली.
"असं कसं संपलं बे?" पलाश कूलरवर ओरडला,
जणू कूलरनंच कापली गोष्ट.

पाच वाजता गोकुळपेठेत, तर्री-पोह्यांवर
आम्ही चौघं, थिअऱ्या नऊ.
शर्वरी म्हणते, कॅप्टन दुसऱ्या भागातच मेली,
पुढचं सगळं यानाला पडलेलं स्वप्न.
तौसिफ चमच्यानं तर्रीत कक्षा काढतो,
तेल बाजूला सरतं, चणा म्हणजे तिसरा चंद्र:
"इथून वळली असती ना, इंधन होतं!"
पलाशला फक्त घड्याळ दिसलं,
अर्धा सेकंद, उलटं फिरताना.

कढईवरची नजर न उचलता डोमाजी विचारतात,
"पोट्टी घरी पोहोचली का नाही मंग?"

कोणालाच सांगता येईना.

माझी थिअरी मी चण्यासोबत गिळली:
पृथ्वीची हाक तिला नीट ऐकू आली होती.
तिनं आवाज थोडा कमी केला,
एवढंच.

झिरो माइलपाशी तौसिफ
दगडावरची अंतरं मोठ्यानं वाचत होता,
हैदराबाद, चांदा, जबलपूर,
अन् तिसरा चंद्र, त्यानं स्वतःच जोडला.
पलाश म्हणाला, पुढचा सीझन इथंच पाहू, चौघं.
मी हो म्हटलं.
तिकीट मंगळवारचं आहे.