दोनशे दहावी घटना

वॉटरटाउनच्या नदीकाठी, जुन्या शस्त्रागाराच्या विटांमागे
आमचं ऑफिस. सत्तेचाळीस माणसं, एक रेणू.
रेणूला अजून नाव नाही, नुसता आकडा आहे.
त्याचा हिशेब मी ठेवते.

माझे वडील इथंच, दोन गल्ल्या सोडून, बूट दुरुस्त करायचे.
संध्याकाळी दार लोटून गल्ला उपडा करत:
इतके सोल, इतक्या टाचा, इतके डॉलर.
बर्फाच्या दिवशी गल्ला न उघडताच म्हणत,
"आज कुणी आलं नाही."
मला विचारायचे, "तुमची कंपनी विकते काय, अनूश?"
"अजून काही नाही, बाबा."
"मग पगार?"

पगार असा, बाबा:
आधी सहा जणांनी पैसे घातले,
ज्यांना दहातली एक लागली तरी पुरते.
मग बाजारात उतरलो, घंटा वाजवली, फोटो काढला.
मग भाव चढेल त्या सकाळी थोडे थोडे शेअर सोडत गेलो,
पाहुणे वाढले की रश्श्यात पाणी वाढवावं तसं.
जुन्या भागधारकांना चव लगेच कळते.
ओसाकाच्या कंपनीनं आशियाचे हक्क घेतले,
थोडे रोख, बाकीचे मैलाच्या दगडांवर लिहून.
गेल्या मार्चमध्ये तर न झालेल्या विक्रीतला
सहा टक्के वाटा मी विकून टाकला.
बाजारात तुरी, म्हणाल.
इथं तुरींवरही कर्ज मिळतं.

महसुलाच्या ओळीत आडवी रेघ आहे.
पुढे, सात वर्षांनंतरच्या रकान्यात, आकडे फुटतात:
इतके रुग्ण, महिन्याला इतके डॉलर,
गुणिले उपचाराचे महिने.
उपचाराचे महिने म्हणजे काय, हे मी बरेच दिवस विचारलं नाही.
म्हणजे माणूस जितके महिने गोळी घेतो.
म्हणजे बहुतेक, जितके महिने असतो.
अकरा होते. एका रात्री चौदा करून पाहिले.
कंपनीची किंमत नऊ कोटींनी वाढली.
मी परत अकरा केले.

चाचणीत तीनशे चाळीस माणसं.
कोण नव्या औषधावर, कोण जुन्या, कुणालाच ठाऊक नाही.
लखोटा उघडायचा दोनशे दहाव्या घटनेनंतर.
घटना हा आमचा शब्द.
डिसेंबरात एकशे अठ्ठ्याऐंशी होत्या; जूनपर्यंत पुऱ्या होतील, असा अंदाज.
जून गेला. एकशे त्र्याण्णव.
ऑगस्ट. एकशे पंच्याण्णव.

रोख फेब्रुवारीपर्यंत.
सोमवारी टोबायस लिंडक्विस्ट म्हणाला, "घटना मंदावल्यात,"
आणि हसावं की नाही, कुणाला कळेना.
लोक मरत नाहीत म्हणून निकाल नाही,
निकाल नाही म्हणून पैसा नाही.
कदाचित औषध लागू पडतंय.
कदाचित जुन्यावरच तगलेत, चिवट, आपापल्या स्वयंपाकघरांत.
अध्यक्षांनी विचारलं, "मग तारीख कोणती धरायची?"
सगळे माझ्या पेनाकडे बघत होते.

मी अर्धा मजला परत केला. अकरा जणांना पत्रं लिहिली,
त्यातलं एक टोबायसला.
उंदरांच्या खोलीचा करार मोडला, दंड भरून.
फेब्रुवारीचा मे झाला.
एवढंच मला येतं: पैसे लांबवणं.
बाकीचं ते करताहेत.

रात्री निघण्याआधी एकदा पडदा उघडते,
गल्ला उघडावा तसा.
एकशे पंच्याण्णव.
दिवा मालवते.
आज कुणी गेलं नाही.