उजवी बाजू

अंबडच्या शेडमधलं, बेअरिंगांची थरथर नोंदवणारं
ते मशीन माझ्याकडे आलं
कोठावदे सर निवृत्त झाल्यानंतर नवव्या दिवशी.
पासवर्ड वॉचमन भोयेंकडे होता.
सर तो चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडे ठेवून गेले होते,
ऑफिसात कुणाकडेच नाही, भोयेंकडे.

प्रोग्रॅम उघडला, आणि हे काय,
सगळं डावीकडे!
आदेशांची विंडो, तिच्या डोक्यावर संपादक,
चलांची यादी इतकी अरुंद की नावं मध्येच तुटलेली,
ओझर_, सिन्न, पिंपळगाव_ब
आलेखसुद्धा तिथेच, काडेपेटीएवढा,
शालिमारहून सुटलेल्या रिक्षातल्या
पाचव्या माणसासारखा अर्धा बाहेर.
आणि उजवा अर्धा पडदा करडा, रिकामा,
बुधवारचा बाजार उठल्यावर
गुरुवारी पहाटे घाट असतो तसा.

मी हसले. चहाच्या वेळी चारचौघांत बोललेही,
तीस वर्षं इंजिनिअर, आणि साध्या विंडो लावता येईनात.

मला माझं घर मांडायचं होतं.
संपादक मधोमध, ऐसपैस.
चलं उजवीकडे, आदेश तळाशी,
इतिहास कडेला मिटून, बोलावलं तरच डोकावणारा.
मथळ्याला धरायचं, ओढायचं,
निळी सावली उमटली की सोडून द्यायचं.
टक् असं काही वाजत नाही
तरी मला ऐकू येतं.
टूलरूमच्या फळीवर प्रत्येक पान्यामागे
त्याचीच आकृती रंगवलेली आहे,
पाना कुणी नेला तरी जागा ओरडत राहते,
बारा नंबर, बारा नंबर.

मेनूत एक ओळ असते: मूळ मांडणीवर परत जा.
बाण तिच्यावर नेऊन ठेवला होता मी.
त्याआधी, उगाच, इतिहास चाळला.

मार्चपर्यंत आलेख उजवीकडे, मोठा, रुबाबात.
एप्रिलात अक्षरांचा आकार चौदा.
जूनमध्ये अठरा.
जुलैत आलेखाची जागा नऊशेवरून सहाशे,
गणपतीत साडेतीनशे,
बाकावर एखाद्यानं सरकत सरकत जागा द्यावी
आणि कुणाला देतोय ते सांगू नये,
तसे सर पंधरा-पंधरा दिवसांनी डावीकडे सरकलेले.
दिवाळीनंतर तर एकच आदेश, पुन्हा पुन्हा:
ओझर_३ वाजव.
ओझर_३ वाजव.
थरथर बघायची सोडून सर ती ऐकत होते.

मग एकेक आठवू लागलं.
उजवीकडून आलेली ट्रॉली त्यांना दोनदा लागली होती.
कप नेहमी डाव्या कोपरापाशी.
"निकुंभ, वाच गं जरा मोठ्यानं, चष्मा विसरलोय,"
आणि चष्मा खिशात, मला दिसत होता.
मी वाचायचे. कंटाळून, भरभर,
दशांश चिन्हानंतरचे आकडे गिळत.
सर म्हणायचे, सावकाश.

संध्याकाळी गेटवर भोयेंना विचारलं.
रजिस्टरमधून मान वर न करता ते म्हणाले,
"सिटीलिंकच्या थांब्यापर्यंत मी त्यांच्या उजव्या हाताला चालायचो.
तेवढंच."

मूळ मांडणीवर गेले नाही.
त्यांची जपून ठेवली, नाव दिलं कोठावदे,
माझी वेगळी केली, नाव द्यायचं राहिलंय.
चहाच्या वेळी बोलले त्याला मात्र
मागे घेण्याची खूण कुठल्या पट्टीवर सापडली नाही.

काल रात्री शेड रिकामी झाल्यावर
त्यांची मांडणी उघडली, हेडफोन लावला, डोळे मिटले.
ओझर_३.
आधी नुसती घरघर, गिरणीसारखी.
मग अकराव्या सेकंदाला एक बारीक कच्,
तांदळात खडा लागावा तसा.
आलेखात तो मी तीनदा ओलांडला होता.
पुन्हा वाजवलं.
कच्.
सरांचा नंबर भोयेंकडे असेल.