काम अज्ञात

कपात बेडका पडला की मी घड्याळ बघते.
जनुकाच्या निरोपाचं आयुष्य दोन-तीन मिनिटांचं,
तव्यावर शिंपडलेलं पाणी जितकं टिकतं तितकं.
उशीर झाला तर यंत्र वाचतं ते
माझ्या उशिराबद्दल, फुप्फुसाबद्दल नाही.
म्हणून मी दाराबाहेरच उभी,
हातात नळी, बादलीत बर्फ,
आणि आत अझ्झान खोकतोय.

सूरहून निघाले ते फज्रच्याही आधी.
बाप गलबतांच्या कारखान्यात रंधा मारतो,
त्याच्या बाहीवर अजून सागाचा भुसा.
आई, झुवैना, सांगते:
कपाळाचा मुका घेतला की ओठाला मीठ लागायचं.
सगळे म्हणाले, समुद्रकाठचं लेकरू, असणारच.
मस्कतच्या ऑगस्टमध्ये
कोणाचा घाम खारट नसतो?
सिस्टिक फायब्रोसिस हे नाव सापडेपर्यंत
सहा वर्षं गेली मिठात.

आमच्या फ्लास्कात, कोमट सुपात,
हेच जंतू सुट्टीवर आल्यासारखे वागतात.
शेपटी फिरवत पोहतात, हिरवा रंग सोडतात.
ताटली उघडली की द्राक्षांचा वास.
पहिल्यांदा आला तेव्हा मी झाकण हातात धरून
तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये उभी होते.
आता उलटं झालंय,
द्राक्षं धुताना ताटली आठवते.

त्याच्या छातीत मात्र
शेपटीचं जनुक बंद. पोहायचं कुठे त्या चिखलात?
लोखंड हुडकणारी चालू.
हवेवाचून जगायची चालू.
औषध उंबऱ्याबाहेर लोटणारी चालू,
आणि चिकट गोधडी विणणारी,
ती तर रात्रपाळीलाही.

माझ्या ओळखपत्रावर दळवीचं दल्फी झालंय.
अरबीत ळ नाही, व नाही.
सात वर्षं दिवसभर ते अक्षर जिभेखाली निजतं.
रात्री नऊला आईला फोन:
गोळी घेतलीस? डाळिंबं उतरली का?
मागचा नळ अजून गळतोय?
दुपारी माझा नमुना घेतला असता
तर अहवाल आला असता, या बाईत ळ नाही.

अकरा वर्षांचा आहे, सगळं विचारतो.
मी पडद्यावर त्याला लाल-निळे चौकोन दाखवले,
माझ्या बाजारहाटाच्या अरबीत.
लाल म्हणजे मोठ्यानं, निळं म्हणजे गप्प.
काय म्हणतायत?
लोखंड नाही म्हणतात. हवा नाही म्हणतात.
तो जरा थांबला.
मलाही नाही, म्हणाला, आणि हसला,
हसण्याचा खोकला झाला,
आणि मी, लाज वाटते लिहायला,
आधी घड्याळ बघितलं.
पाठीवर हात नंतर ठेवला.

शेवटच्या ओळीतलं जनुक
मी त्याला दाखवलं नाही.
नाही, दाखवलं.
फ्लास्कात मुकं. त्याच्या बेडक्यात
चारही भेटींत लालभडक.
त्याच्यापुढे छापलंय, काम अज्ञात.
काय ओरडतंय, कोणाला,
तिथे बोलून इथे का गप्प,
कोणालाच ठाऊक नाही; मी साहेबांना विचारलं,
साहेबांनी खांदे उडवले.

त्यानं काचेवर बोट ठेवलं.
याला नाव?
आकडा आहे. नाव नाही.
मी देऊ?
तेवढ्यात नर्सनं हाक मारली, वाफ घ्यायची होती.
पुढच्या वेळी सांगतो, म्हणाला.

पुढची वेळ सहा आठवड्यांनी.
काचेवर बोटाचा ठसा आहे,
तिरक्या उजेडात दिसतो, मिठानं किंचित पांढरा.
सफाईला येणाऱ्या थापाला मी सांगितलंय,
बाकी सगळं पूस,
एवढा पडदा राहू दे.